बधिर ओठाची साक्ष

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलै महिना होता. घटक चाचणीचे पेपर पाठीवरच्या सॅकमध्ये टाकून मी मोटारसायकलवर घरी निघालो होतो. गावाबाहेरच्या वळणावर नवा गतिरोधक झाला होता, त्यावर पांढरे पट्टे मारायचे राहिले होते. पावसात तो मला दिसला नाही. डोक्यावर हेल्मेट होतं, पण अर्धं. म्हणजे कपाळ वाचतं आणि हनुवटी उघडी राहते. मी हनुवटीवरच आपटलो. खालचा जबडा डाव्या बाजूला, अक्कलदाढेजवळ, मोडला.

चौथ्या दिवशी ऑपरेशन झालं. हाड जुळवून त्यावर टायटॅनियमची छोटी प्लेट आणि चार स्क्रू बसवले. दहा दिवसांनी एक्स-रे पाहून डॉक्टर खूश झाले. म्हणाले, "सर, हाड एकदम मस्त बसलंय." मी म्हणालो, "डॉक्टर, खालच्या ओठाची डावी बाजू आणि हनुवटी कळतच नाही." ते म्हणाले, "नस आहे ती. येईल हळूहळू." आणि त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

घरी येऊन मी संमतिपत्राची प्रत काढली. तीन पानं, सगळी इंग्रजीत. दुसऱ्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं की ओठाची संवेदना तात्पुरती किंवा कायमची जाऊ शकते. खाली माझी सही होती. मी भाषेचा शिक्षक. एक तास उर्दूचा, एक मराठीचा. आणि दोन्ही तासांना मुलांना सांगतो की वाचल्याशिवाय सही करू नका. तोंडी मला कुणी काही सांगितलं नव्हतं हे खरं, पण मीही विचारलं नव्हतं.

मग सुरू झाला तो बधिर ओठाचा काळ. चहा ओठाच्या कडेनं ओघळून शर्टवर पडायचा तेव्हा कळायचं. जेवताना भाताचं शीत ओठावर तसंच राहायचं. एकदा वर्गात सहावीतला एक मुलगा मला खाणाखुणा करून स्वतःच्या ओठावर बोट दाखवत होता. मला वाटलं तो शेजारच्याला गप्प बसायला सांगतोय. दाढी करताना ब्लेड लागलं तरी आरशात रक्त दिसल्यावरच समजायचं. हाड जुळलं होतं, टाके भरले होते, चेहरा पहिल्यासारखा दिसत होता. त्यामुळे भेटायला येणारे म्हणायचे, "माशाअल्लाह, काहीच कळत नाही तुम्हाला काय झालं होतं ते." मनात म्हणायचो, मलाही काहीच कळत नाही, हीच तर अडचण आहे.

जबडा आवळलेला, घन पदार्थ बंद, बोलणं कमी. अशा दिवसांत मी वाचत बसलो. सुरुवात अर्थातच 'आपली नस परत येणार का' या स्वार्थी प्रश्नानं झाली. पण वाचता वाचता इतिहासात शिरलो, आणि एक गोष्ट लक्षात आली. हाडाचं सत्य डोळ्यांनी पाहून कळतं. संवेदनेचं सत्य मात्र दुसऱ्या कुणालाच दिसत नाही. ते ज्याचं आहे त्यानं सांगावं लागतं आणि समोरच्यानं ऐकावं लागतं. वैद्यकाला पहिली गोष्ट शिकायला हजार वर्षं लागली. दुसरी अजूनही पुरती शिकून झालेली नाही.

मोडलेला जबडा

मोडलेल्या जबड्याची नोंद फार जुनी आहे. इजिप्तमध्ये सापडलेला एडविन स्मिथ पपायरस इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमाराचा मानतात. त्यात जखमी रुग्णांची एकामागून एक प्रकरणं आहेत. जबडा निखळला असेल तर तो बसवावा, असं तिथं सांगितलं आहे. पण जबडा मोडला असेल, वर जखम असेल आणि हाड बोटाखाली करकरत असेल, तर हा आजार उपचार करण्याजोगा नाही, असा शेरा आहे. जंतुसंसर्गावर औषध नसलेल्या काळात तो शेरा बरोबरच होता.

ग्रीकांनी पुढचं पाऊल टाकलं. मोडलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात एकमेकांना सोन्याच्या किंवा तागाच्या धाग्यानं बांधायचे, म्हणजे हाड आपोआप जागेवर राहतं. ही युक्ती हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांत आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांवर स्वतंत्र अध्याय आहे, आणि निखळलेला जबडा शेकून, बसवून वर पट्टी कशी बांधावी हेही त्यात येतं. पुढे बगदादमध्ये यह्या बिन खालिद बर्मकी या वजिराच्या सांगण्यावरून मनका नावाच्या भारतीय वैद्यानं ही संहिता अरबी वाचकांसाठी उलगडली, अशी नोंद इब्न नदीमच्या 'अल-फिहरिस्त'मध्ये आहे. म्हणजे ग्रीक आणि संस्कृत, दोन्हीकडचं ज्ञान एकाच शहरात येऊन मिळालं.

इसवी सन १००० च्या सुमारास कुर्तुबाजवळ राहणाऱ्या अबुल कासिम अज़-ज़हरावी यानं 'किताबुत्-तसरीफ' लिहिली. तिच्या तीस भागांपैकी शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा. त्यात हत्यारांची चित्रं आहेत आणि जबड्याचं हाड कसं बसवायचं, हललेले दात सोन्याच्या, चांदीच्या तारेनं किंवा रेशमानं कसे बांधायचे, हेही आहे. आपल्या लेखांमध्ये ज़हरावीचं नाव आलं की 'सगळं आमच्याच लोकांनी शोधलं' असा सूर लागतो. तो मला लावायचा नाही. ज़हरावीनं ग्रीकांकडून भरपूर घेतलं होतं, त्यात स्वतःच्या हातानं केलेल्या कामाचा अनुभव घातला आणि पुढच्यांना दिलं. ज्ञानाचा कारभार असाच चालतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

एक हाड की दोन?

माझा एक्स-रे मी घरी पुष्कळदा उजेडासमोर धरून पाहिला. घोड्याच्या नालेसारखं एकसंध हाड, डावीकडे प्लेटची पांढरी रेघ. हे हाड एक आहे हे शाळकरी पोरालाही दिसेल. पण हजार वर्षं वैद्यांनी ते दोन आहेत असं मानलं होतं, कारण जालीनूस तसं म्हणाला होता.

जालीनूस म्हणजे गॅलेन, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला महान ग्रीक वैद्य. त्याचे ग्रंथ नवव्या शतकात बगदादमधल्या हुनैन बिन इसहाक या ख्रिस्ती विद्वानानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अरबीत आणले. गॅलेननं लिहिलं होतं की खालचा जबडा दोन हाडांचा असून ती हनुवटीपाशी घट्ट जोडलेली असतात. त्यानं माकडं, डुकरं असे प्राणी चिरून पाहिले होते. पुष्कळ प्राण्यांमध्ये हा सांधा आयुष्यभर तसाच राहतो. माणसाच्या नवजात बाळातही जबड्याचे दोन भाग असतात, पण ते पहिल्या वर्षात जुळून एक होतात. गॅलेनचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. मोठ्या माणसाच्या बाबतीत मात्र ते चूक होतं.

ही चूक दुरुस्त झाली ती एका भयानक प्रसंगातून. अब्दुल लतीफ बगदादी हा ११६२ मध्ये जन्मलेला विद्वान. व्याकरण, हदीस, तत्त्वज्ञान, वैद्यक या सगळ्यांत त्याला गती होती. तो कैरोत असताना नाईलला पुरेसं पाणी आलं नाही आणि हिजरी ५९७-५९८, म्हणजे इसवी सन १२०० ते १२०२ या काळात इजिप्तमध्ये दुष्काळ पडला. त्यानं या दुष्काळाचं जे वर्णन लिहिलं आहे ते वाचताना अंगावर काटा येतो. पुरायला माणसं उरली नव्हती. कैरोबाहेर मक्स नावाच्या जागी मानवी सांगाड्यांचा ढीग पडला होता. वैद्यकाच्या काही विद्यार्थ्यांना घेऊन अब्दुल लतीफ तिथं गेला.

त्यानं खालचे जबडे पाहिले. एक नाही, दोन नाही, दोन हजारांहून जास्त. कुठंही सांधा नाही, शिवण नाही. त्यानं स्वतः पाहिलं, दुसऱ्यांना पाहायला लावलं, आपण हजर नसतानाही पाहायला लावलं. मग निष्कर्ष लिहिला की जबडा हे एकच हाड आहे, आणि जालीनूस कितीही मोठा असला तरी डोळ्यांची साक्ष त्याच्या शब्दापेक्षा अधिक विश्वासाची आहे. मला यातलं सगळ्यात मोठं वाटतं ते 'आपण हजर नसतानाही' हे. मास्तर शेजारी उभा असला की पोरं मास्तरला हवं तेच उत्तर देतात, हे मी वीस वर्षं पाहतोय. अब्दुल लतीफला हे आठशे वर्षांपूर्वी ठाऊक होतं.

दुर्दैव असं की हे निरीक्षण वैद्यकाच्या पुस्तकात आलं नाही. इजिप्तच्या वर्णनाच्या पुस्तकात आलं. युरोपात आंद्रेयास वेसालियसनं १५४३ च्या आपल्या ग्रंथात हीच गोष्ट पुन्हा सांगितली. मधली साडेतीनशे वर्षं कुणाच्या लक्षातही राहिली नाहीत.

हाडातला बोगदा

आता नसेकडे येतो. आपल्या बोलण्यात 'नस' रक्ताचीही असते आणि संवेदनेचीही. शाळेच्या विज्ञानात तिला 'चेता' म्हणतात, अरबी-उर्दूत 'असब'. चेहऱ्याची संवेदना मेंदूपर्यंत नेणाऱ्या मोठ्या नसेच्या तीन फांद्या आहेत. तिसरी फांदी खालच्या जबड्याकडे येते. तिचा एक फाटा अक्कलदाढेच्या मागं, जबड्याच्या आतल्या बाजूच्या छिद्रातून हाडात शिरतो, दातांच्या मुळांखालून बोगद्यातून जावं तसा पुढं जातो आणि हनुवटीच्या अलीकडे दुसऱ्या छिद्रातून बाहेर पडून खालच्या ओठात पसरतो. दातांचे डॉक्टर खालची दाढ काढण्याआधी ज्या नसेपाशी इंजेक्शन देतात ती हीच. या दोन छिद्रांच्या मध्ये कुठंही हाड मोडलं की आतली नस ताणली जाते, चेपली जाते, क्वचित तुटते. पुढे हाड जुळवताना, स्क्रू बसवताना तिला आणखी धक्का बसू शकतो.

ओठ हलवणारी नस मात्र वेगळी आहे. ती कानाखालून येते. त्यामुळे माझा ओठ हलत होता, फक्त तो हलतोय हे मला कळत नव्हतं. याचा अनुभव मला वर्गात आला. दुसऱ्या शतक हिजरीतला व्याकरणकार सिबवैहनं अरबी अक्षरांची उच्चारस्थानं सांगताना 'फ़े'ची जागा खालच्या ओठाची आतली बाजू आणि वरच्या पुढच्या दातांची टोकं अशी दिली आहे. 'बे', 'मीम', 'वाव' दोन्ही ओठांतून. मराठीच्या तासाला मीच फळ्यावर 'ओष्ठ्य : प, फ, ब, भ, म' असं लिहीत आलो. आता 'फ़े' म्हणताना ओठाला दात लागला की नाही हे मला समजेना. मुलांना विचारलं, "नीट येतोय का रे?" म्हणाली, "येतोय की सर." मी त्यांच्या कानांवर विश्वास ठेवून दोन महिने शिकवलं.

हलणं आणि कळणं यांची गफलत माझ्याआधी एका फार मोठ्या माणसाची झाली होती. लंडनचा शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स बेल यानं १८२१ मध्ये गाढवाच्या वरच्या ओठाकडे जाणारी संवेदनेची नस कापली. गाढवाला ओठानं दाणे उचलता येईनात. बेलला वाटलं, म्हणजे ही ओठ हलवणारी नस. हर्बर्ट मेयो आणि फ्रान्समधल्या माजांदी यांनी दाखवून दिलं की ओठाची हालचाल शाबूत होती. दाणा ओठाला लागलाय हेच त्या गाढवाला समजत नव्हतं. गाढवाला विचारण्याची सोय नव्हती. याच बेलनं एका माणसाची हकिगत दिली आहे. खालचा दात काढल्यावर त्याच्या अर्ध्या ओठाची संवेदना गेली. त्याला पाण्याचा पेला दिला तर त्यानं तक्रार केली की पेला फुटका आहे. पेला धड होता. अर्ध्या ओठाला कड लागत होती, उरलेल्या अर्ध्याला लागत नव्हती. पहिल्या दिवशी स्टीलच्या पेल्यातून पाणी पिताना मलाही हेच वाटलं होतं. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या अनोळखी माणसाचा मला फार आधार वाटला.

विचारणारे वैद्य

ज्या गॅलेनची जबड्याच्या हाडात चूक झाली, तोच गॅलेन नसेच्या बाबतीत एकदा अचूक ठरला होता. रोममध्ये पॉसानियस नावाचा एक सीरियन विद्वान त्याच्याकडे आला. त्याच्या हाताची करंगळी, अनामिका आणि मधल्या बोटाची अर्धी बाजू बधिर झाली होती. बोटं हलत होती. इतर वैद्य बोटांनाच लेप लावत बसले होते. गॅलेननं त्याला विचारलं की कुठं मार लागला होता का? तेव्हा कळलं की तो गाडीतून पडला होता आणि पाठीच्या वरच्या भागाला मार बसला होता. गॅलेननं लेप बोटांवरून काढून मानेच्या मणक्यापाशी लावायला सांगितला, कारण त्या बोटांची नस तिथून निघते. हाड त्यानं माणसात नीट पाहिलं नाही, तिथं चुकला. माणसाला विचारलं, तिथं बरोबर ठरला.

नस तुटल्यावर पुढं काय होतं हे कळायला मात्र एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. १८५० मध्ये ऑगस्टस वॉलर यानं बेडकाच्या जिभेच्या नसा कापून दाखवलं की कापलेल्या जागेच्या पुढचा, मेंदूपासून तुटलेला भाग झिजून नष्ट होतो. मागून नवे तंतू वाढत येतात. हे वाढणं साधारण दिवसाला एक मिलिमीटर, महिन्याला इंचभर. केसही याच्याच आसपास दोन-तीन दिवसांत वाढतो, यावरून या कामाचा वेग समजावा. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमींवर काम करणाऱ्या हर्बर्ट सेडन यानं १९४३ मध्ये नसेच्या इजेच्या तीन पायऱ्या ठरवल्या. पहिल्या पायरीत नस अखंड असते, फक्त तिचं काम थांबतं. काही आठवड्यांत ती पूर्ववत होते. दुसऱ्या पायरीत आतले तंतू तुटतात पण वरचं वेष्टन टिकतं. मग त्या नळीतून तंतू परत वाढतात आणि त्याला महिने लागतात. तिसऱ्या पायरीत सगळंच तुटतं, आणि आपोआप परतण्याची आशा फार थोडी. जबड्याच्या नसेचं एक बरं आहे. हाड जागेवर बसलं तर तो बोगदाच तिला रस्ता दाखवतो.

'येईल हळूहळू' या दोन शब्दांमागं एवढं सगळं होतं. पाच मिनिटांत सांगण्यासारखं होतं.

परत येताना काय जाणवतं, हे सांगण्यासाठी एका डॉक्टरनं स्वतःचा हात पुढं केला. हेन्री हेड हा लंडनचा मेंदूतज्ज्ञ. रुग्णांना आपली संवेदना नेमकी सांगता येत नाही, अशी त्याची अडचण होती. म्हणून २५ एप्रिल १९०३ रोजी त्यानं सर्जनकडून आपल्याच डाव्या हाताची संवेदनेची नस कापून पुन्हा शिवून घेतली. मग चार-साडेचार वर्षं तो केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स या मित्राकडे जाऊन डोळे मिटून बसायचा. रिव्हर्स कापूस, केस, टाचणी, गार-गरम नळ्या लावायचा आणि हेड सांगायचा. १९०८ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. आधी परत येतं ते ओबडधोबड दुखणं, गार-गरम, तेही पसरट आणि भलत्याच जागी जाणवणारं. हलका स्पर्श आणि नेमकी जागा नंतर. हेडनं यावरून बांधलेला सिद्धांत पुढे बऱ्याच जणांनी नाकारला, पण त्यानं नोंदवलेला अनुभव मला माझ्या ओठावर जवळजवळ तसाच आला.

माझा रिव्हर्स म्हणजे वुज़ू. दिवसातून पाच वेळा तोंडावर गार पाणी. हिवाळ्यात फजरच्या वेळी उजवी बाजू शहारायची, डावी ढिम्म. चूळ भरली की डावीकडून गळायची. सातव्या आठवड्यात तपासणीला गेलो तेव्हा एक तरुण डॉक्टर बाई होत्या. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितलं, कापसाचा बोळा फिरवला आणि जिथं कळेनासं होतं तिथं पेनानं माझ्या हनुवटीवर रेघ काढली. मग हनुवटीजवळच्या छिद्रावर बोटानं टकटक केलं. ओठात मुंग्या धावल्या. मी दचकलो. त्या हसून म्हणाल्या, "सर, चांगली खूण आहे ही."

ही खूण पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, फ्रान्समधल्या ज्यूल टिनेल यानं सांगितली. वाढत्या कोवळ्या तंतूंवर टकटक केली की मुंग्या येतात. त्यानं वापरलेल्या फ्रेंच शब्दातही मुंगीच आहे. आणि अरबीत याला 'तनमील' म्हणतात, 'नमल' म्हणजे मुंगी यावरून. कुरआनातल्या 'सूरह नमल'मधलं तेच नमल. पॅरिसचा डॉक्टर, कैरोचा हकीम आणि आपली खेड्यातली आजी, तिघांनाही या जाणिवेसाठी मुंगीच आठवली. पूर्ण बधिरतेला इब्न सीनाच्या 'कानून'मध्ये 'खदर' म्हटलं आहे, उर्दूत 'सुन्न'. मराठीनं मात्र वेगळीच वाट धरली. ज्याला ऐकू येत नाही तोही बधिर आणि ज्या अंगाला स्पर्श कळत नाही तेही बधिर.

चौथ्या महिन्यात एका पहाटे वुज़ू करताना डावीकडे गार लागलं. बोचरं, पसरट, नकोसं असं गार. मी नळ चालू ठेवून पुन्हा पुन्हा ओंजळ मारत राहिलो. जमात उभी राहिली तरी मी तिथंच. मग कित्येक महिने हनुवटीला हात लावला तर ओठ हुळहुळायचा. वर्षभरात भाताचं शीत कळू लागलं. आज दोन रुपयांच्या नाण्याएवढी जागा उरली आहे. ती भरेल असं आता डॉक्टरही म्हणत नाहीत, मीही विचारत नाही.

आणि आमचा बहिरेपणा

हे सगळं वाचत असताना एक गोष्ट मला टोचत राहिली. अम्मीला पंधरा वर्षांपासून साखर आहे. अपघाताच्या तीन-चार वर्षं आधीपासून ती म्हणायची, "पैर सुन्न रहते. चप्पल निकल जाती, मालूमच नै पडता." मी पेपर तपासता तपासता म्हणायचो, "अम्मी, उमर है, होता ऐसा." डॉक्टरांकडे साखरेचा रिपोर्ट घेऊन जायचो, गोळ्या आणायचो, पायाचं एकदाही सांगितलं नाही. रिपोर्ट कागदावर दिसत होता ना. पाय फक्त तिलाच कळत नव्हते.

ज्या दिवशी डॉक्टर बाईंनी माझ्या हनुवटीवर रेघ काढली, त्या रात्री मी कापूस आणि पेन घेऊन अम्मीसमोर बसलो. म्हणालो, "आँखें बंद करो. लगा तो हाँ बोलना." गुडघ्याखाली ती हाँ म्हणाली. घोट्यावर थोडं थांबून म्हणाली. पुढे बोलेना. मी अंगठ्यावर कापूस ठेवला, दाबला, फिरवला. ती डोळे मिटून वाट पाहत होती.

"शुरू करता नै क्या, बेटा?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेलो. साखरेनं मंदपणे मारलेली नस माझ्या नसेसारखी परत वाढेलच असं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. साखर ताब्यात ठेवा, अनवाणी चालू देऊ नका, गरम पाण्यात पाय टाकण्याआधी दुसऱ्यानं हात घालून पाहा, तळवे रोज तपासा. चार वर्षांपूर्वी विचारलं असतं तर यापेक्षा जास्त काही करता आलं असतं का, हे मी विचारलं. त्यांनी उत्तर दिलं. ते इथं लिहीत नाही.

आता रोज रात्री इशाची नमाज झाली की मी टॉर्च घेऊन तिचे तळवे पाहतो. ती म्हणते, "कितना देखता रे." आणि दर जुम्म्याला कापूस घेऊन रेघ कुठवर आहे ते विचारतो. तुमच्या घरात कुणी 'पाय कळत नाहीत', 'बोटं सुन्न पडतात' असं म्हणत असेल, तर त्यांच्यापाशी बसा, डोळे मिटायला सांगा आणि विचारा. कापूस दोन रुपयांचा येतो.